फलप्राशन ते पूरक आहार : महाराष्ट्रातील बालकांच्या पहिल्या फळाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मानवी जीवनातील आहाराचा इतिहास लिहिताना आजवर अभ्यासकांनी धान्य, दुष्काळ, व्यापार, जातिव्यवस्था व सणवार या विषयांकडे विशेष लक्ष दिले आहे. परंतु मनुष्याच्या आयुष्यातील एक अत्यंत नाजूक स्थित्यंतर या इतिहासात उपेक्षित राहिलेले दिसते. हे स्थित्यंतर म्हणजे केवळ मातेच्या दुधावर वाढणारे बालक प्रथमच बाहेरचे अन्न ग्रहण करू लागते तो काळ होय. साधारणपणे सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हा काळ मानला जातो. याच काळात मुलाची वाढ खुंटण्याचा, अतिसाराने दगावण्याचा आणि कुपोषणाच्या विळख्यात सापडण्याचा धोका सर्वाधिक असतो.

या स्थित्यंतराच्या आरंभी अनेक घरांतून बालकाला मऊ फळ देण्याची प्रथा आहे. पिकलेले केळे कुस्करून, चिकूचा गर काढून, आंब्याचा रस गाळून किंवा भिजवलेली खारीक सहाणेवर उगाळून बाळाला चाटवली जाते. ही कृती इतकी नित्याची आहे की तिला इतिहास असू शकतो, याची जाणीव सहसा होत नाही. वस्तुतः आयुर्वेदीय संहिता, गृह्यसूत्रे, लोकाचार, वैद्यकशास्त्रातील शोध, औद्योगिक नगरातील स्त्रीश्रम आणि शासकीय पोषण धोरण या सर्वांचे धागे या घासात एकत्र आलेले आहेत. प्रस्तुत निबंधात या धाग्यांचा ऐतिहासिक दृष्टीने मागोवा घेतला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) प्राचीन ग्रंथांतील बालकाच्या प्रथम आहारविषयक विचारांचा आढावा घेणे.
२) महाराष्ट्रातील संस्कार व गृहाचार यांतील फळाचे स्थान स्पष्ट करणे.
३) आधुनिक पोषणशास्त्र व शासकीय धोरण यांमुळे या प्रथेत झालेल्या बदलांचे विश्लेषण करणे.
४) 'केव्हा द्यावे' आणि 'कसे द्यावे' या दोन प्रश्नांपैकी इतिहासात कोणत्या प्रश्नास अधिक महत्त्व मिळाले व त्याचे परिणाम काय झाले, याचा शोध घेणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून ग्रंथगत साधने, प्रकाशित अहवाल, कायदे आणि पोषणविषयक प्रकाशने यांचा आधार घेतला आहे.

ग्रंथपरंपरेतील प्रथम आहार

धर्मशास्त्रात बालकाला पहिल्यांदा अन्न देण्याचा विधी 'अन्नप्राशन' या नावाने प्रसिद्ध आहे. गृह्यसूत्रे आणि मनुस्मृती यांत हा संस्कार सहाव्या महिन्यात करण्यास सांगितले आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात या संस्काराची सविस्तर चर्चा केली आहे. गृह्यसूत्रांत दही, मध, तूप व भात यांच्याबरोबरच विशिष्ट पक्ष्यांच्या मांसाचाही उल्लेख येतो आणि प्रत्येक पदार्थाशी वाणी, तेज, अन्नसमृद्धी यांसारखे एखादे फल जोडलेले आढळते. येथे अन्नाचा विचार प्रामुख्याने प्रतीक म्हणून झाला आहे. बालकाला ते पचेल कसे, हा प्रश्न सूत्रकारांच्या कक्षेबाहेरचा होता.

आयुर्वेदीय संहितांची दृष्टी याहून भिन्न आहे. सुश्रुताने बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्षापर्यंत दूध पिणारे, दुसऱ्या वर्षापर्यंत दूध व अन्न दोन्ही घेणारे आणि त्यानंतर अन्न खाणारे, अशी ही विभागणी होय. सहाव्या महिन्यात बालकाला हलके व हितकर अन्न द्यावे, असेही त्याने म्हटले आहे. या वर्गीकरणाचे महत्त्व असे की, त्यात दूध तोडून अन्न सुरू करण्याची कल्पना नाही. दुधाच्या जोडीला अन्न येते व हळूहळू वाढत जाते. आज ज्याला 'पूरक आहार' म्हटले जाते त्याचा गाभा या मधल्या अवस्थेत स्पष्टपणे दिसतो.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दात आलेल्या बालकाला क्रमाक्रमाने स्तनपानापासून दूर करावे व त्याला हलके पण पुष्टिदायक अन्न द्यावे, असा उपदेश आहे. त्याच ठिकाणी चारोळी, ज्येष्ठमध, मध, साळीच्या लाह्या आणि खडीसाखर यांपासून केलेला मोदक सांगितला आहे. भूक वाढविण्यासाठी कोवळे बेलफळ, वेलदोडा, साखर व लाह्यांचे पीठ यांचा वेगळा योग दिला आहे. कठीण बिया व फळे कुटून, लाह्यांसारख्या हलक्या पदार्थात मिसळून मुलास सोसतील अशा करणे, ही पाककृतीची जाण येथे प्रथमच ठळकपणे दिसते.

फळाचा स्वतंत्र विचार मात्र काश्यपसंहितेत आढळतो. बालरोगांना, म्हणजे कौमारभृत्याला, वाहिलेल्या या संहितेच्या खिलस्थानात सहाव्या महिन्यात 'फलप्राशन' आणि दहाव्या महिन्यात 'अन्नप्राशन' असा क्रम दिला आहे. प्रथम नाना प्रकारची फळे, आणि दात आल्यानंतर जुन्या साळीच्या, तूस काढलेल्या तांदळाचे स्नेहयुक्त मऊ अन्न, अशी ही पायरी आहे. धर्मशास्त्राने ज्या सहाव्या महिन्यात अन्न सांगितले, त्याच महिन्यात काश्यपाने फळ सांगितले व धान्य चार महिने पुढे ढकलले, ही बाब लक्षणीय आहे.

तथापि या ग्रंथाच्या प्रभावाविषयी सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. काश्यपसंहिता दीर्घकाळ अप्रसिद्ध होती. नेपाळमधील खंडित हस्तलिखिताच्या आधारे ती १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून प्रकाशित झाली. त्यामुळे महाराष्ट्रातील आजीबाईंनी बाळाला केळे भरविण्याची प्रथा काश्यपापासून घेतली, असे म्हणता येत नाही. उलट, गृहाचारात आधीपासून असलेल्या प्रथेस या ग्रंथाच्या प्रकाशनानंतर शास्त्राधार प्राप्त झाला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. आज अनेक लेखांत फलप्राशन ही 'अखंड प्राचीन परंपरा' म्हणून मांडली जाते. ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीवर हे विधान टिकत नाही.

संस्कार आणि गृहाचार

महाराष्ट्रात अन्नप्राशनाला 'उष्टावण' असे म्हणतात. मुलाचे उष्टावण सम महिन्यात व मुलीचे विषम महिन्यात करण्याचा प्रघात आहे. मामाच्या मांडीवर बाळाला बसवून चांदीच्या वाटीतील खीर सोन्याच्या अंगठीने किंवा चमच्याने चाटवली जाते. त्यानंतर बाळापुढे पुस्तक, शस्त्र, वस्त्र, नाणे इत्यादी वस्तू मांडून त्याचा हात कशाकडे जातो हे कौतुकाने पाहिले जाते. या सोहळ्यात कुटुंबाचा आनंद आहे, आजोळचा मान आहे. परंतु तो एका दिवसाचा आहे. दुसऱ्या दिवसापासून बाळाला काय, किती वेळा व कसे द्यायचे, हे संस्कार सांगत नाही.

फळांशी अधिक निकटचा संबंध असलेला लोकाचार म्हणजे बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या काळात लहान मुलाला काळे कपडे व हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे व तिळाच्या रेवड्या ओततात. भोवती जमलेली मुले ती वेचून खातात. येथे ऋतूतील फळांची ओळख मुलाला होते, पण ती खाण्यापेक्षा पाहण्याची आणि हाताळण्याची असते. ज्याच्यासाठी सोहळा, त्या वर्षाच्या आतील बाळाला बोराची आठोळी किंवा उसाचा तुकडा देणे धोक्याचे आहे, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना अनुभवाने ठाऊक असे.

नित्याच्या व्यवहारात फळ बाळाच्या पोटात जाण्याचा सर्वांत जुना मार्ग बाळगुटीचा होता. बाळहिरडा, वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड, मुरुडशेंग यांच्या जोडीला खारीक व बदाम सहाणेवर दुधात किंवा पाण्यात उगाळले जात. मात्रा मोजण्याचे एकक 'वेढा' हे होते. बाळ जसजसे वाढे तसतसे खारकेचे व बदामाचे वेढे वाढवले जात. ही एक सूक्ष्म मापनपद्धती होती. कठीण सुके फळ दात नसलेल्या मुलाला गिळता येईल इतके मऊ करणे आणि त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढविणे, या दोन्ही गोष्टी तीत साधल्या जात. मात्र गुटी जन्मानंतर लवकरच सुरू होत असे आणि सहाण व पाणी यांच्या स्वच्छतेवर तिची सुरक्षितता अवलंबून असे. पहिले सहा महिने केवळ स्तनपान हा आजचा वैद्यकीय दंडक लक्षात घेता, तिच्या आरंभकाळाचे समर्थन करता येत नाही.

गुटीच्या पुढची पायरी पेज, गुरगुट्या भात, नाचणीचे सत्त्व आणि कुस्करलेले केळे यांची होती. केळे हे बारमाही मिळणारे, सोलल्याखेरीज आतला गर न उघडा पडणारे आणि विस्तवाशिवाय मऊ होणारे फळ असल्याने त्यास अग्रस्थान मिळाले. वसईच्या बागांतील राजेळी केळ्यांपासून सुकेळी करून ती वर्षभर टिकवली जात. थोड्या मोठ्या मुलांसाठी केळ्याचे शिकरण हा मराठी घरांतील अत्यंत लोकप्रिय पदार्थ होय. येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. चरकसंहितेत दुधाशी विरुद्ध मानलेल्या फळांच्या यादीत 'मोच' येते व त्याचा अर्थ सामान्यतः केळे असा घेतला जातो. तरीही शिकरण घराघरांत टिकले. ग्रंथ आणि स्वयंपाकघर यांचे नाते आज्ञा आणि पालन असे सरळ नव्हते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

'पारंपरिक' फळांचे अलीकडील मूळ

बाळासाठी आज शिफारस केल्या जाणाऱ्या मऊ फळांची यादी केळे, आंबा, पपई, चिकू, सीताफळ, सफरचंद अशी असते. यांपैकी केळे व आंबा वगळता बहुतेक फळे महाराष्ट्रात तुलनेने नवीन आहेत. पपई, चिकू व सीताफळ ही मूळची अमेरिका खंडातील फळे होत. सोळाव्या शतकात गोव्यात वास्तव्य करून गेलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात पपई ही स्पॅनिश प्रदेशांतून फिलिपाईन्स व मलाक्कामार्गे भारतात आल्याचे नोंदविले आहे. डहाणू-घोलवड परिसरातील चिकूच्या बागा तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतरच्या आहेत.

सफरचंदाची कथा आणखी अलीकडची आहे. शिमल्याजवळील कोटगढ परिसरात सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकन जातींची लागवड सुरू केल्यानंतर पहाडी सफरचंदाचा व्यापार वाढत गेला. महाराष्ट्रातील शहरांत ते दूरवरून येणारे महागडे फळ होते. त्यामुळेच ते आजारी माणसाचे व लाडक्या बाळाचे फळ ठरले. कच्च्या सफरचंदाचा कडक तुकडा बाळाच्या घशात अडकू शकतो, म्हणून ते सोलून, वाफवून कुस्करण्याची रीत त्याच्याबरोबरच रूढ झाली. परंपरा ही स्थिर वस्तू नसून नव्या फळाला जुन्या हातांनी सामावून घेण्याची प्रक्रिया आहे, असे यावरून दिसून येते.

आधुनिक विज्ञान आणि फळाची नवी ओळख

पाश्चात्य देशांत एकोणिसाव्या शतकात औद्योगिक बालान्नांचा उदय झाला. लीबिग आणि नेस्ले यांची तयार बालान्ने १८६० च्या दशकात बाजारात आली. त्यांच्या वाढत्या वापराबरोबर संपन्न घरांतील मुलांमध्ये एक विचित्र आजार दिसू लागला. हाडे दुखणे, हिरड्यांतून रक्त येणे ही त्याची लक्षणे होती. थॉमस बार्लो या इंग्रज वैद्याने १८८३ साली हा आजार म्हणजे बालवयातील स्कर्व्ही असल्याचे दाखवून दिले. ताजे अन्न आणि फळांचा रस देताच मुले सुधारत. पुढे दूध तापवून निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा अतिसार घटला, परंतु उष्णतेने दुधातील 'क' जीवनसत्त्व नष्ट होऊन स्कर्व्हीचा धोका वाढला. न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड हेस यांनी संत्र्याचा रस देऊन तो टाळता येतो, हे प्रतिपादन केले. त्यांचा स्कर्व्हीवरील ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला.

या संशोधनाचा कोकणाशीही एक संबंध आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या आहाराचा प्रश्न निर्माण झाला असता हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंच, कोकम आणि आमचूर या भारतीय सुक्या फळांची स्कर्व्हीप्रतिबंधक शक्ती तपासली व १९१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताज्या फळाच्या तुलनेत सुक्या फळाची ही शक्ती कमी असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. सहाणेवरील खारीक बळ देते, पण ताज्या फळाची जागा घेऊ शकत नाही, हा भेद प्रयोगशाळेमुळे प्रथमच स्पष्टपणे मांडता आला.

भारतात कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेने या ज्ञानाला देशी आधार दिला. वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. ही संस्था १९५८ साली हैदराबाद येथे हलविण्यात आली व पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपास आली. तेथील डॉ. सी. गोपालन व सहकाऱ्यांच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम पिकलेल्या पपईत सुमारे ५७ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते, तर केळ्यात ते ७ मिलिग्रॅमच्या आसपास असते. केळे मात्र सुमारे ११६ किलोकॅलरी ऊर्जा देते. स्वस्त देशी फळ महाग आयात फळाहून कमी प्रतीचे नाही, हे अशा कोष्टकांनी सिद्ध केले.

अमेरिकेत १९२८ साली दोन परस्परविरोधी घटना घडल्या. गर्बर कंपनीने गाळलेल्या भाज्या व आलुबुखाराचे डबे विक्रीस आणले. त्याच वर्षी क्लारा डेव्हिस यांनी नुकतेच दूध सुटू लागलेल्या बालकांना साध्या, न मिसळलेल्या पदार्थांतून स्वतः निवड करू देण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केळे, सफरचंद, संत्रे यांचा त्या पदार्थांत समावेश होता. पोषक पदार्थ समोर असतील तर मूल आपल्या भुकेप्रमाणे पुरेसे खाते, असे त्यांना आढळले. एकीकडे डबाबंद गर आणि दुसरीकडे मुलाची स्वतःची निवड, हे दोन प्रवाह पुढे शतकभर चालत राहिले. १९५० च्या दशकात अमेरिकेत काही डॉक्टर जन्मानंतर काही आठवड्यांतच गाळलेली फळे देण्याचा सल्ला देऊ लागले होते. हा सल्ला नंतर मागे घेतला गेला. शास्त्राच्या नावाने सांगितलेला 'केव्हा' हाही कालसापेक्ष असतो, याचे हे उदाहरण होय.

गिरणगावातील माता आणि वेळेचा प्रश्न

वर वर्णन केलेला गृहाचार ज्या घरांत चालत असे, तेथे सहाण होती, उगाळणारे हात होते आणि दिवसातून चार वेळा बाळाजवळ बसण्यास सवड होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या मुंबईतील गिरणी कामगार स्त्रीजवळ यांपैकी काहीच नव्हते. १९२१ साली मुंबई शहराचा नोंदलेला बालमृत्युदर हजारी ६०० हून अधिक होता. बाळंतपणासाठी गावी जाणाऱ्या स्त्रियांच्या मुलांची जन्मनोंद शहरात होत नसल्याने हा आकडा फुगलेला होता, हे खरे. तरीही चाळींतील परिस्थिती भीषण होती, याविषयी दुमत नाही. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांचा स्त्री कामगारांविषयीचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. आई कामावर असताना मूल शांत राहावे म्हणून अफूची 'बाळागोळी' देण्याची प्रथा त्यातून सरकारदरबारी नोंदली गेली.

बाळागोळी आणि खारकेचा वेढा या दोहोंत आकाराचे साम्य आहे. दोन्ही बोटभर चाटण. परंतु एकात वाढ आहे व दुसऱ्यात झोप. हा फरक मातेच्या अज्ञानाने पडलेला नव्हता, तो तिच्या कामाच्या तासांनी पाडला होता. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणाच्या आगेमागे काही आठवड्यांची सवलत दिली. पहिले फळ देण्याची वेळ मात्र त्यानंतर कितीतरी महिन्यांनी येते. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया काम करतात तेथे पाळणाघर बंधनकारक केले व १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. असंघटित क्षेत्रातील, शेतातील व ऊसतोडीवरील माता या तरतुदींच्या बाहेरच राहिल्या.

स्वातंत्र्योत्तर धोरण

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. सहा महिन्यांवरील मुलाला पूरक पोषण देण्याची जबाबदारी या योजनेतून शासनाने स्वीकारली. परंतु तीन वर्षांखालील मुलांसाठी घरी नेण्याचा आहार बहुतांशी धान्य व डाळी यांच्या कोरड्या मिश्रणाचा राहिला; ताजे फळ साठवण व वाहतूक यांच्या दृष्टीने गैरसोयीचे ठरले. बालान्नाच्या जाहिरातींवर नियंत्रण आणणारा कायदा १९९२ साली झाला. २००१ साली जागतिक आरोग्य सभेने सहा महिने निव्वळ स्तनपानाचा ठराव केला व २००३ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यातील बालान्नाच्या व्याख्येतही सहा महिन्यांची मर्यादा आली. अशा रीतीने सुश्रुत, मनू आणि संसद तिघेही सहाव्या महिन्यावर येऊन थांबले, तरी त्यांची कारणे सर्वस्वी भिन्न होती.

महाराष्ट्र शासनाच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत २०१६ पासून आदिवासी क्षेत्रातील सात महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांसाठी अंडी किंवा केळी देण्याची तरतूद करण्यात आली. सार्वजनिक धोरणाने ताज्या मऊ फळाला बालकाच्या ताटात स्थान दिल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय. असे असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील सहा ते आठ महिन्यांच्या सुमारे ४६ टक्के बालकांनाच स्तनपानासोबत घन किंवा निमघन अन्न मिळत असल्याचे, आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या जेमतेम ११ टक्के बालकांचा आहार पुरेसा असल्याचे आढळले. उष्टावणाची प्रथा सर्वदूर असताना ही स्थिती असावी, हे विचार करण्याजोगे आहे.

'कसे' या प्रश्नाची उपेक्षा

वरील विवेचनावरून एक बाब स्पष्ट होते. धर्मशास्त्र, वैद्यक, कायदा या सर्वांनी 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर दिले. 'कसे' हे ज्ञान मात्र बव्हंशी स्त्रियांच्या हातांत व बोलण्यात राहिले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या 'सूपशास्त्र' (१८७५) पासून लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणी-मित्र' (१९१०) पर्यंत मराठी पाकशास्त्र मुद्रणात आले, पण ते मुख्यतः मोठ्यांच्या पंगतीचे शास्त्र होते.

हे ज्ञान प्रत्यक्षात तपशिलांचे आहे. केळे सालीवर ठिपके पडेपर्यंत पिकलेले असावे. कच्चे केळे पिठूळ व पचावयास जड असते. चिकू, सीताफळ व रामफळ यांच्या बिया एकेक तपासून काढाव्या लागतात, कारण एक निसटलेली बी श्वासनलिकेत जाऊ शकते. तंतुमय आंब्याचा रस गाळून घ्यावा लागतो. द्राक्षे अखंड न देता उभी चिरून, साल व बी काढूनच द्यावी लागतात. हात, वाटी व चमचा स्वच्छ असावे लागतात आणि कुस्करलेला गर ठेवून न देता लगेच भरवावा लागतो. प्रथम चमचाभर, नंतर वाटीभर. प्रथम एकजीव, नंतर थोडे दाटसर व दाणेदार, अशी वाढ करावी लागते. घन पदार्थ चावण्याची सवय याच क्रमाने लागते.

हे ज्ञान अलिखित राहिल्याने दोन हानी झाल्या. पहिली अशी की, त्यातील सदोष भागाची चिकित्सा झाली नाही. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवणे ग्रंथ व लोकाचार या दोहोंना संमत होते. परंतु १९७६ साली बालवयातील बॉट्युलिझम हा आजार ओळखला गेल्यानंतर वर्षाच्या आत मध देऊ नये, हे वैद्यकशास्त्राने निश्चित केले. स्कर्व्हीच्या काळात जीवनदायी ठरलेला फळांचा रसही आता वर्षाच्या आत टाळण्यास सांगितले जाते, कारण त्यात गराचे तंतू नसतात व पोट साखरपाण्यानेच भरते. दुसरी हानी अशी की, त्यातील उत्तम भागाला संरक्षण मिळाले नाही. एकत्र कुटुंब विस्कटताच शहरातील तरुण मातेपर्यंत आजीचे ज्ञान पोहोचेनासे झाले आणि रिकामी जागा डब्यावरील सूचनांनी भरून काढली.

फळाची मर्यादाही येथे नमूद करणे आवश्यक आहे. फळांत लोह व प्रथिने अल्प असतात. सहा महिन्यांनंतर बालकाच्या शरीरातील लोहाचा साठा ओसरू लागतो. म्हणून डाळ, तृणधान्ये, तेल-तूप, अंडी वा मांस यांची जोड अपरिहार्य ठरते. पपई किंवा पेरूसारखे 'क' जीवनसत्त्वयुक्त फळ वनस्पतिजन्य लोहाच्या शोषणास साहाय्य करते. काश्यपानेही फळापाशी न थांबता पुढे धान्य व मांसाचा निर्देश केला होता. फळ हा आरंभ आहे, संपूर्ण आहार नव्हे, हा विवेक जुन्या संहितेत आणि नव्या शास्त्रात समान आहे.

निष्कर्ष

१) सहाव्या महिन्यात बालकाला फळ देण्याचा स्वतंत्र विचार काश्यपसंहितेत आढळतो, तथापि हा ग्रंथ १९३८ पर्यंत अप्रसिद्ध असल्याने महाराष्ट्रातील गृहाचाराचे मूळ त्यात शोधणे योग्य ठरत नाही.
२) उष्टावण व बोरन्हाण हे सोहळे एका दिवसाचे आहेत. बालकाचे पोषण मात्र रोजच्या, वेळखाऊ व कौशल्यपूर्ण कृतीवर अवलंबून असते.
३) पारंपरिक समजली जाणारी बहुतेक मऊ फळे गेल्या सुमारे पाच शतकांत आलेली आहेत. नवे स्वीकारण्याची क्षमता हेच या परंपरेचे बळ होय.
४) आधुनिक विज्ञानाने फळाचे महत्त्व स्पष्ट केले, तसेच मध, लवकर सुरू होणारी गुटी व फळांचा रस यांविषयीच्या समजुतींत आवश्यक दुरुस्तीही केली.
५) बालकाला फळ मिळणे हा केवळ मातेच्या जाणिवेचा प्रश्न नाही. तिचा वेळ, घरातील स्वच्छ पाणी, बाजारातील किंमत आणि कामाच्या ठिकाणची सोय यांवर तो अवलंबून आहे.

गिरणीच्या भोंग्याने घराबाहेर पडलेल्या मातेला आणि आज पहाटे ऊसतोडीला निघणाऱ्या मातेला सहावा महिना केव्हा आला हे सांगावे लागत नाही. पिकलेले केळे, स्वच्छ वाटी आणि ते कुस्करून भरविण्यापुरता निवांत अर्धा तास तिला कसा मिळेल, याचे उत्तर देणे हे समाजाचे व शासनाचे कर्तव्य आहे. या उत्तरावरच पुढील पिढीची वाढ अवलंबून राहील.